भोकाच्या मापाचा पंखा

मी भिंतीतला पंखा बोलतोय. छताचा नव्हे आणि टेबलावरचाही नव्हे. त्या दोघांचं नशीब मोठं. घामाघूम माणूस आला की आधी त्यांच्यापाशी येऊन बसतो, गळ्याचं बटण काढतो आणि हुश्श म्हणतो. माझ्यासमोर आजवर कोणी हुश्श म्हटलेलं नाही. माझं तोंड आत आणि पाठ रस्त्याला. आतली नकोशी हवा ओढायची आणि बाहेर टाकायची, एवढंच माझं काम. रस्त्यावरचे लोक नाक मुरडून जातात आणि आतले मला विसरून जातात. दुकानात मला एक्झॉस्ट फॅन म्हणतात, घरात 'तो मागचा' म्हणतात. मला दोन्ही चालतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्रा कापून पाती केली, पाती वाकवली, तांब्याची तार गुंडाळून मोटर भरली. मग एका बाईंनी मला बाकावर ठेवून बटण दाबलं, कान जवळ आणून ऐकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा गुणी निघाला, कुरकुर नाही." आयुष्यात माझं पहिलं कौतुक झालं ते असं. पुढे अजून एकदा झालं, पण ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते सांगेनच.

माझ्या खोक्यावर एक आकडा छापलेला होता. तासाभरात मी किती हवा ओढू शकतो, तो आकडा. आमच्या जातीत हा आकडा म्हणजे सर्वस्व. आपली खोली केवढी, तिच्यात काय काम चालतं आणि तिथली हवा तासाला किती वेळा बदलली पाहिजे, याचा हिशोब करायचा आणि मग तो आकडा बघून आम्हाला घ्यायचं, अशी रीत. माझा आकडा लहान होता. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लहान खोल्याही जगात असतातच की.

मला घ्यायला आले ते पॉलिशवाले होते. त्यांना मी मालक म्हणतो. अंगाने शिडशिडीत, नखं कायमची तपकिरी, आणि हात इतके हलके की दुकानदाराच्या लाकडी काउंटरवरून सुद्धा ते बोटं फिरवून बघत होते. त्यांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढला. त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या.

"या गाठीपासून या गाठीपर्यंत भोक आहे भिंतीत," ते म्हणाले. "तेवढ्यात बसेल असा पंखा द्या."

दुकानदाराने सुतळी काउंटरवर ताणून पट्टी लावली. "नऊ इंची बसेल."

"घट्ट बसेल ना? फट नको राहायला."

"बोट जाणार नाही बाजूने."

"मग द्या."

भोक केवढं, हे दोघांनी सोनं तोलावं तसं मोजलं. खोली केवढी, हे यांनी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. खोक्यावरच्या आकड्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. खोकं तर दुकानाच्या पायरीवरच फाडून टाकलं, कारण सायकलवर मावत नव्हतं.

पंखा घ्यायचं मालकांच्या मनात मुळीच नव्हतं. तो हट्ट होता त्यांच्या बायकोचा. बाई रोज दुपारी डबा घेऊन यायच्या आणि दारातून आत पाऊल टाकलं की त्यांचं डोकं गरगरायचं. एकदा भिंत धरून खालीच बसल्या. त्या दिवशी त्यांनी निक्षून सांगितलं, "पंखा लावा, नाहीतर डबा रस्त्यावर ठेवून परत जाईन, कुत्र्याने खाल्ला तर मला विचारू नका." मालक हसले, पण दुसऱ्याच दिवशी सुतळी घेऊन निघाले.

खोली बघितली आणि माझं धाबं दणाणलं. पूर्वी तिथे कसलं तरी गोदाम होतं. लांब, रुंद आणि छत चांगलं उंच. छताला लागून भिंतीत एक गोल भोक होतं, जुन्या भट्टीचं धुराडं काढल्यावर उरलेलं. त्यात मला बसवलं. बसलो मात्र झकास, बाजूने खरंच बोट जात नव्हतं. खाली बघितलं तर कपाटं, टेबलं, पलंगाच्या पाट्या, आणि थिनरचे डबे, स्पिरिटच्या बाटल्या, चकाकीसाठी फवारायच्या लॅकरची पिंपं. त्या सगळ्याची वाफ जमिनीलगत साचून असायची. ती हवेपेक्षा जड असते, खालीच रेंगाळते. आणि मी बसलो होतो छताशी. तळ्यातलं पाणी उपसायला कोणी झाडावर चढून बसावं, तशी माझी गत होती.

पलीकडच्या खोलीत सुतार होता. मालकांपेक्षा वयाने लहान, तोंडाने फटकळ आणि मनाने साफ. तो लाकूड कापायचा, जोडायचा, आणि मधल्या दारातून सामान इकडे पॉलिशला यायचं. मालकांना दादा म्हणायचा आणि बाईंना वहिनी. दोघांची वर्षानुवर्षांची जोडी, आणि भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. ती म्हणजे धूळ.

आता धूळ म्हणजे काय चीज आहे, ते पॉलिशवाल्याला विचारावं. पॉलिशचा ओला हात मारला की तो वाळेपर्यंत लाकडावर एक कण बसता कामा नये. बसला की तिथे बारीक पुळी येते. मग सगळं घासून काढा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मालकांच्या टेबलात माणसाला आपलं तोंड दिसायचं, मिशीचे केस मोजता यायचे. गिऱ्हाईक लांबून यायचं ते त्याचसाठी. त्या चकाकीपुढे त्यांना तहान नाही, भूक नाही, काही नाही.

पहिले काही दिवस त्यांनी मला दिवसभर चालू ठेवलं. मी आपला जीव तोडून ओढत होतो. खोलीच्या मानाने ते काहीच नव्हतं, पण निदान काहीतरी होत होतं. मग एके दिवशी एका मोठ्या टेबलावर, ऐन मधोमध, तीन पुळ्या उठल्या. मालकांनी टेबलाकडे बघितलं, मधल्या दाराच्या फटीकडे बघितलं आणि मग वर माझ्याकडे बघितलं.

"हा ओढतो म्हणून सुताराची धूळ इकडे येते," ते स्वतःशीच म्हणाले.

आणि बोलले ते खोटं नव्हतं. मी हवा बाहेर टाकणार तर तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. ती दाराच्या फटीतून यायची आणि येताना भुसा घेऊन यायची. पण त्यावर त्यांनी जो इलाज काढला तो फक्त एखाद्या पॉलिशवाल्यालाच सुचावा. खिडक्यांच्या फटी त्यांनी कागदाने चिकटवून टाकल्या. मधल्या दाराखाली ओल्या चिंध्यांचा बोळा घातला. आणि नियम केला, की ओला हात मारला की पंखा बंद. हाताला चिकटेनासं झालं की मगच चालू.

म्हणजे बघा, वाफ सगळ्यात जास्त उठायची तेव्हा मी बंद. सगळी वाफ त्यांच्या छातीत जाऊन झाली, पॉलिश वाळलं, की ते बटण दाबायचे आणि हात धुऊन जेवायला बाहेर जायचे. मी रिकाम्या खोलीत फिरत बसायचो. माझ्यासारखा कामचोर पंखा दुसरा नसेल, आणि तो मी माझ्या मर्जीने नव्हतो.

बाई डबा घेऊन यायच्या तेव्हा नेमका मी चालू असायचो. "लावता ना रोज?" त्या विचारायच्या. "हा काय, लावलाय," मालक म्हणायचे. ते खोटं नव्हतं. बाईंचं डोकं तरी गरगरायचंच. मग त्या डबा दारातच ठेवायला लागल्या.

होता होता मालकांचं नाक गेलं. एका दिवसात नव्हे, हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या लक्षात येणार नाही इतकं हळू. मला ते कसं कळलं ते सांगतो. थिनरचा डबा उघडला की पूर्वी ते मान बाजूला करायचे. तसं करणं त्यांनी सोडलं. एकदा डबा लवंडला, खोलीभर थिनर पसरलं, तर ते गुणगुणत चिंधीने पुसत बसले. पलीकडून सुतार ठसकत आला.

"दादा, अहो मरायचंय का? दार उघडा."

"तुला बाबा सगळ्याचाच त्रास. भुसा खातोस दिवसभर, तो चालतो."

आणि मग माझं ते दुसरं कौतुक झालं. एक गिऱ्हाईक आपलं कपाट बघायला आलं होतं. रुमाल नाकाला लावून उभं होतं बिचारं. मालकांनी माझ्याकडे बोट केलं आणि अभिमानाने म्हणाले, "हा पंखा बसवल्यापासून बघा, खोलीत वास म्हणून येत नाही. छोटा दिसतो, पण काम चोख."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मालक, माझ्यामुळे नाही हो, वास तसाच आहे, तुमचं नाक गेलंय. पण आम्ही पंखे फक्त एक आवाज काढू शकतो, आणि तोही बटण दाबलं तर. ते गिऱ्हाईकही काही बोललं नाही. रुमाल काढून खोटं खोटं हसलं आणि लवकर निघून गेलं.

नाकामागून खोकला आला. खोकल्यामागून धाप आली. पलंगाची पाटी उचलताना ते मध्येच थांबायला लागले. सकाळी डोकं ठणकायचं. बोटं थरथरायची, म्हणून ते आधी चिंधीशी चाळा केल्यासारखं करायचे आणि हात स्थिर झाला की मगच लाकडाला लावायचे. सुतार बघून न बघितल्यासारखं करायचा. बाईंना मात्र फसवता येत नव्हतं.

"काल दूध करपलं," एकदा त्या दारातूनच म्हणाल्या. "तुम्ही त्याच खोलीत बसला होतात. शेजारची बाई धावत आली, तुम्हाला पत्ता नाही."

"पेपर वाचत होतो."

"पेपर नाकाने वाचता का?"

ते हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विनवणी केली, धाक दाखवला, अबोला धरला, दार उघडं ठेवा म्हणून हात जोडले. प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, "धूळ बसेल गं." आणि त्यावर "बसू दे" म्हटलं की ते बाईंकडे अशा नजरेने बघायचे की जणू बाईंनी त्यांना चोरी करायला सांगितलं होतं. नवरा रोज थोडा थोडा संपतोय, हे त्या बाईला दिसत होतं. त्याला वाचवायचं होतं, आणि त्याला त्याच्याच हातांपासून वाचवायचं होतं. हे फार अवघड असतं.

शेवटी एका सकाळी त्या आल्या त्या स्टूल घेऊन. मालकांच्या शेजारी स्टूल मांडलं आणि बसल्या.

"हे काय?"

"आज मी इथेच बसणार. तुम्ही तुमचं काम करा."

"अगं, एकदा हात मारला की दार उघडता येणार नाही. तुला सोसत नाही, माहितीये ना?"

"तुम्हाला सोसतं ना? मग मलाही सोसेल. घाला बोळा."

मालकांना वाटलं, हट्ट आहे, घटकाभराने उतरेल. त्यांनी दाराखाली बोळा घातला, मला बंद केलं आणि लॅकर फवारायला घेतलं. ते मोठं, लांब, जेवणाचं टेबल होतं. बाई बोलत होत्या. माहेरचं काहीबाही सांगत होत्या, बहिणीच्या मुलीचं, कुणाच्या तरी दुखण्याचं. मग त्यांचं बोलणं सावकाश झालं. मग एकच वाक्य त्या दोनदा बोलल्या. मालक पाठमोरे होते, टेबलाच्या कडेशी वाकलेले. मी वरून सगळं बघत होतो आणि माझी पाती जागची हलत नव्हती.

बाई स्टुलावरून कलल्या आणि खाली पडल्या.

मालक वळले. समोर टेबल ओलं होतं, नुकतं फवारलेलं, आरपार चकाकणारं. पलीकडे सुताराची करवत चालू होती. त्यांनी लाथेने बोळा उडवला, मधलं दार सताड उघडलं आणि बायकोला काखांत हात घालून फरपटत बाहेर नेलं. तेवढ्या श्रमाने त्यांनाही धाप लागली, पण हात सोडला नाही. उघड्या दारातून भुसा आत आला आणि त्या टेबलभर बसला. मालकांनी वळून बघितलंसुद्धा नाही.

दार उघडंच होतं म्हणून बाहेरचं मला दिसत होतं. सुताराने पाणी आणलं. थोड्या वेळाने बाईंनी डोळे उघडले. मालकांच्या मांडीवर डोकं होतं.

"असं का केलंस?" मालकांनी विचारलं.

"मला वास येतो, तुम्हाला येत नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या दोघांत एवढाच फरक आहे. मी तासाभरात पडले, तुम्ही रोज पडताय."

मालक उठून आत आले. थिनरची बाटली उघडली आणि नाकाखाली धरली. जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग बाटली बंद करून ठेवली आणि त्या भुसा बसलेल्या टेबलाला टेकून उभे राहिले. "नाही येत," ते म्हणाले. नंतर त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई एका पत्रेवाल्याला घेऊन आल्या. गाड्या रंगवायच्या शेडमध्ये हवेची नळकांडी बसवणारा हा माणूस. पोट सुटलेला, बोलघेवडा, सारखा कसली ना कसली थट्टा करणारा. खोलीत आला आणि त्याची थट्टा बंद पडली. त्याने टेप काढला, खोलीची लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी खोली मोजत होतं.

"हा पंखा कोणी निवडला?"

"मीच," मालक म्हणाले. "भोकाच्या मापाचा."

पत्रेवाल्याने टेप खिशात टाकला. त्याने पातळ कागदाची पट्टी फाडली, काठीच्या टोकाला लावली आणि मला चालू करून माझ्यासमोर धरली. दार बंद होतं, खिडक्या चिकटवलेल्या. पट्टी जेमतेम थरथरली. मग त्याने दार उघडलं. पट्टी माझ्याकडे थोडी झुकली.

"बघितलंत? बाटलीचं बूड बंद असेल तर तोंडाने ओढून हवा कुठून येणार? आधी हवा आत यायला वाट द्या, मग बाहेर काढा. आणि वाट दिलीत तरी हा पुरणार नाही. इथली हवा मिनिटा-दोन मिनिटांत बदलायला हवी. याला एकदा बदलायला अर्धा तास लागेल. त्यात हा छताशी, वाफ जमिनीशी. वाफ वर ओढली तर ती आधी तुमच्या तोंडावरून जाणार. आणि याची मोटर साधी आहे. थिनरच्या खोलीत ठिणगी न पडणारी मोटर लागते. भडका उडाला नाही हे नशीब समजा, ताई."

"आणि धूळ?" मालकांनी विचारलं. एवढं होऊनही विचारलं.

"हवा आत येईल तिथे गाळणीचं कापड लावतो. गाळूनच येईल. बंद खोलीत तुमच्याच कपड्यांची धूळ उडते, ती सुद्धा पंखा ओढून नेईल. आहे त्यापेक्षा कमीच बसेल."

मालकांनी त्या टेबलावरचा भुसा बोटाने पुसला. "म्हणजे उघडं ठेवलं असतं तर पॉलिशही चांगलं झालं असतं?"

"गाळणी लावून, हो."

बाईंनी पदर तोंडाला लावला.  सुतार उगाच दारातला बोळा उचलून बाहेर टाकून आला.

नवा पंखा आला. माझ्या चौपट मोठा, जमिनीलगत बसवलेला, समोरच्या भिंतीत गाळणीची रुंद जाळी. मला खाली काढून कोपऱ्यात ठेवलं होतं, म्हणून तो पहिल्यांदा चालू झाला तेव्हा मी तिथेच होतो. अशी हवा ओढली त्याने, की टेबलावरचा कागद सरकत गेला. मला हेवा वाटला नाही. खरंच नाही वाटला. मला वाटलं, आता माझा माणूस वाचेल.

त्या हवेत मालकांनी एकच टेबल पुरं केलं. तेच, भुसा बसलेलं, घासून पुन्हा पहिल्यापासून. एकही पुळी आली नाही. सुतार टेबलाकडे वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, आजवरचं सगळ्यात भारी." मालक हसले आणि स्टुलावर बसले. मग त्यांना उठवेना. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं होतंच, की जे गेलं ते परत यायचं नाही, उरलंय तेवढं सांभाळा. हवा आली, पण ती घ्यायला छाती उरली नव्हती. खोली सुताराच्या सुनेने घेतली. ती तिथे अजून पॉलिशचं काम करते आणि ठणठणीत आहे, असं ऐकतो. ते ऐकलं की बरंही वाटतं आणि जीव तुटतोही.

मी भंगारात जाणार होतो. पत्रेवाल्याने मला उचललंही होतं, पण बाई म्हणाल्या, "तो राहू द्या. घरी लागेल." मालक आता घरी पडून असायचे आणि तव्यावरचा थोडासा धूर सुद्धा त्यांच्या छातीला सोसवत नव्हता. खोकून खोकून निळे पडायचे. पत्रेवाल्याने यायचं कबूल केलं, आणि टेप घेऊन आला. स्वयंपाकघर मोजलं, खिडकी बघितली, हवा कुठून येईल ते बघितलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

"इथे हा बरोबर आहे, ताई. जणू या खोलीसाठीच घेतला होता."

आता काय सांगू. जन्मभर एका जागी अपुरा पडलो आणि जिथे पुरा पडलो तिथे माझा माणूस अंथरुणाला खिळलेला. तरी ते दिवस मी विसरणार नाही. बाई चूल पेटवण्याआधी मला लावायच्या. मी एक धागा धूर पलीकडे जाऊ देत नव्हतो. बाहेरच्या खोलीतून मालक विचारायचे, "काय करतेस?"

"कांदा परततेय."

"वास कसा येतोय?"

आणि बाई सांगायच्या. आता कच्चा आहे, नाकाला झोंबतोय. आता गोडसर झाला. आता कडेला थोडा लागलाय, उतरवते. मालक डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हां, आला." त्यांना येत नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या तोंडचं ते "हां, आला" ऐकायला बाई रोज नवनवीन काहीतरी करायच्या.

एका सकाळी चहा उकळत होता. मी चालू होतो. बाईंनी नेहमीसारखं सांगितलं, "आलं किसून टाकलंय, तिखट वास सुटलाय." बाहेरून काही उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग हातातली किसणी तशीच घेऊन त्या बाहेर गेल्या. चहा उतू जाऊन चूल विझली आणि मी कितीतरी वेळ रिकामाच फिरत होतो. मला बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

त्यानंतर मला कोणी लावलं नाही.

बाई एकटीपुरतं शिजवतात. तवा तापतो, तेल जळतं, धूर खोलीभर होतो, छताला लागून खाली उतरतो. त्यांचा हात सवयीने बटणाकडे जातो आणि बटणाला न लागता मागे येतो. माझ्या पात्यांवर चिकट काजळी धरली आहे. बाई अलीकडे ठसकतात. आधी स्वयंपाक करताना ठसकायच्या, आता केव्हाही.

परवा सुतार येऊन गेला. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि डोळे चोळायला लागला.

"वहिनी, पंखा लावा की. नाकातोंडात धूर जातोय."

"राहू दे भाऊजी."

"बिघडलाय का? बघू का?"

"चांगला आहे. तो यांच्यासाठी होता," बाई म्हणाल्या. "आता कोणासाठी लावू?"

सुतार मान खाली घालून बसला. त्याने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि गेला. 

जे मला ऐकतायत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पंखा घ्यायला जाल तेव्हा भोक मोजू नका, खोली मोजा. हवा बाहेर कशी जाईल याच्या आधी ती आत कशी येईल ते बघा. आणि वास येतो का, हे त्या खोलीत दिवसभर राबणाऱ्याला विचारू नका, त्याच्याकडे डबा घेऊन येणाऱ्याला विचारा. ती काय सांगते ते ऐका, आणि वेळेवर ऐका.

आणि बाई, तुम्हाला काय सांगू? मी कोणासाठी होतो, ते मला पंख्याला काय कळणार. मालकांसाठी तुम्ही विषाच्या खोलीत जाऊन बसलात, ते मी वरून बघितलं आणि काही करू शकलो नाही, कारण मी बंद होतो. आज तुम्ही पुन्हा धुरात बसल्या आहात आणि मी पुन्हा बंद आहे. तेव्हा तुम्हाला उचलून बाहेर न्यायला मालक होते. आता कोणी नाही. या घरात एकच छाती उरली आहे, बाई, आणि तिच्यापुरता मी अजून पुरेसा आहे. लावा मला.